खाडीकाठचं वायरलेस जाळं: क्षमता वाढवण्याच्या प्रकल्प नोंदी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं हे जाळं परवानाधारक स्थानिक इंटरनेट सेवादात्याचं आहे. दहा ठिकाणं, १९६ घरं. सगळ्या लिंक ५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे २०१८ पासून भारतात विनापरवाना असलेल्या पट्ट्यांतल्या. तक्रार एकच होती: रात्री आठ ते साडेदहा काही चालत नाही. असंच जाळं चालवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आकड्यांसकट नोंदी ठेवल्या आहेत.

४ डिसेंबर. आधी कागद

कामापुरती नावं: पंचायत, सडा, शाळा, टाकी, देऊळ, आगर, बंदर, खारवीवाडी, फाटा, पैलतीर. पंचायतीत ३०० एमबीपीएसचं फायबर येतं. सडा म्हणजे जांभ्याच्या सड्यावरचा टॉवर, तिथे वस्ती नाही. बाकीची घरं अशी: पंचायत १४, शाळा २२, टाकी १८, देऊळ २५, आगर १६, बंदर ३१, खारवीवाडी २७, फाटा १९, पैलतीर २४. गर्दीच्या वेळी घरामागे १ एमबीपीएस धरलं. त्यामुळे घरांचा आकडा हाच लोडचा आकडा, आणि सगळा हिशेब तोंडी होतो.

लिंक मोजल्या त्या रिकाम्या जाळ्यात, पहाटे. पंचायत–सडा १८० एमबीपीएस. सड्यावर एकच सेक्टर अँटेना (अनेक ठिकाणांशी एकटीच बोलणारी), तिच्यावर शाळा, टाकी, देऊळ, बंदर आणि फाटा. पाचांत मिळून ९०. पुढे देऊळ–आगर, बंदर–खारवीवाडी आणि फाटा–पैलतीर प्रत्येकी १००. याशिवाय पंचायत–देऊळ ही १.२ किलोमीटरची लिंक, १२० देणारी, पण ओएसपीएफमध्ये (कॉस्टची, म्हणजे लिंकला दिलेल्या किमतीची, बेरीज सगळ्यात कमी असलेला रस्ता निवडणारी राउटरांची पद्धत) तिची कॉस्ट १०० ठेवलेली, म्हणजे फक्त अडीअडचणीला.

प्रत्येक घराचा पंचायतीपर्यंतचा रस्ता कागदावर काढला आणि कुठल्या ठिकाणावरून किती घरं जातात ते मोजलं. पंचायतीची १४ सोडून सगळी १८२ घरं सड्याच्या त्या एका सेक्टरवरून जात होती. ९०च्या जागी १८२. फायबर ३०० असून उपयोग शून्य.

क्षमता म्हटली की लोक फायबर वाढवायला धावतात. जाळ्याची क्षमता सगळ्यात जाड पाइप ठरवत नाही. ज्या ठिकाणावरून सगळ्यात जास्त रस्ते जातात ते ठिकाण ठरवतं. जटिल जाळ्यांच्या अभ्यासात याच मोजणीला बिट्वीननेस म्हणतात. दहा ठिकाणांसाठी पेन पुरतं. पन्नासच्या वर गेलात तर पायथॉनची नेटवर्कएक्स लायब्ररी घ्या आणि लिंकच्या कॉस्ट वजन म्हणून द्या, नाहीतर ती नुसते टप्पे मोजते.

६ डिसेंबर. नाकारलेली सूचना

शाळा आणि टाकी एकमेकांना दिसतात, तेव्हा त्यांच्यात थेट लिंक टाकावी अशी सूचना आली. टाकली नाही. दोघांचा बाहेर पडायचा रस्ता सड्यावरूनच आहे, त्यामुळे आत लिंक वाढते, बाहेरचा उंबरा तेवढाच राहतो. नवी लिंक घेण्याआधी, तुंबलेल्या ठिकाणावरूनच बाहेर पडणाऱ्या सगळ्या ठिकाणांभोवती कागदावर एक वेढा काढा. तो वेढा नव्या लिंकने ओलांडला जात नसेल, तर पैसे ठेवून द्या.

११ डिसेंबर. रांगेचा बंदोबस्त

गर्दीत पिंग (पाकीट जाऊन परत यायचा वेळ) ५ मिलिसेकंदांवरून ८००च्या वर जात होता. रेडिओंच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) माहितीची पाकिटं साचतात, तोवर फोन तीच पुन्हा मागतो, आणि तुंबलेल्या लिंकवर काही वाहतूक दुबार होते. पंचायतीच्या राउटरवर केक रांग लावली (पाकिटं साचू न देता सगळ्यांना पाळीपाळीने सोडणारी; मायक्रोटिक राउटरांच्या राउटरओएस ७ मध्ये ती आहे) आणि मर्यादा खऱ्या क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर ठेवली. मर्यादा खऱ्या क्षमतेच्या खाली हवीच, नाहीतर रांग राउटरऐवजी रेडिओत साचते आणि केकला काही करता येत नाही. पिंग ६०च्या आसपास आला. क्षमता मात्र एका एमबीपीएसनेही वाढलेली नाही. फोनवर बोलणं सुधारलं एवढंच.

१८ डिसेंबर. टाकीची मंद लिंक

सेक्टरवरचे सगळे एकाच हवेत पाळीपाळीने बोलतात. मंद बोलणारा सगळ्यांचा वेळ खातो. टाकीच्या डिशसमोर कलमाची फांदी आल्यामुळे तिची लिंक ९०ऐवजी ३० देत होती. हिशेब लोडला वेगाने भागून करायचा: १८ ÷ ३० = ०.६०. म्हणजे १८ घरांनी सेक्टरचा ६० टक्के वेळ घेतला आणि उरलेल्या १६४ घरांना ४० टक्के. लिंक ९०वर असती तर याच १८ घरांना २० टक्के पुरले असते.

मोहोराच्या दिवसांत फांदी तोडा म्हणणं शक्यच नव्हतं, आणि योग्यही नव्हतं. टाकीवरचा जीआय पाइप २ मीटरने वाढवला, तीन बाजूंनी ताण दिले. खर्च ३,४०० रुपये. पूर्ण कामात रुपयामागे सगळ्यात जास्त क्षमता याच पाइपाने दिली. प्रत्येक सेक्टरवर सगळ्यात मंद क्लायंट (सेक्टरला जोडलेलं ठिकाण) कोण ते पहिल्यांदा बघा.

२ जानेवारी. कॉस्ट बदलल्या: पहिला प्रयत्न

कॉस्ट = १००० ÷ लिंकचा वेग, या नेहमीच्या सूत्राने आकडे टाकले. पंचायत–सडा ६, पंचायत–देऊळ ८, सेक्टरच्या लिंक ११, बाकीच्या १०. देऊळ आणि आगर लगेच थेट पंचायतीकडे वळले. सेक्टरवरची ४१ घरं कमी होऊन १४१ राहिली.

खारवीवाडीची २७ घरंही किनाऱ्याने आगराकडे वळवायची होती. त्यासाठी खारवीवाडी–आगर अशी नवी लिंक टाकली, २.१ किलोमीटर, दोन डिश मिळून १७,००० रुपये. हीच लिंक ६ डिसेंबरच्या कसोटीला उतरते, कारण ती सड्याला पूर्ण वळसा घालते. पण वाहतूक वळेना. बंदर–सडा मार्गाने १० + ११ + ६ = २७, आगर–देऊळ मार्गाने १० + १० + ८ = २८. एका आकड्याने सडा जिंकत होता.

दोष सूत्राचा. ते सेक्टरच्या ९०ला एकाच लिंकचा वेग समजतं. प्रत्यक्षात ते ९० अनेकांत वाटलेले असतात.

५ जानेवारी. दुसरा प्रयत्न, गर्दीचं ठिकाण टाळून

२००६ साली फिजिकल रिव्ह्यू ई या नियतकालिकात आलेली एक पद्धत इथे कामी आली. रस्त्यातल्या प्रत्येक ठिकाणाला किती लिंक आहेत ते बघायचं, त्या आकड्याला एक घातांक द्यायचा, रस्त्यातल्या सगळ्यांची बेरीज करायची आणि सगळ्यात कमी बेरजेचा रस्ता घ्यायचा. घातांक ० म्हणजे नेहमीचा कमी टप्प्यांचा रस्ता. घातांक १ ला मोठ्या, असमान जाळ्यांत क्षमता दहापटीहून अधिक वाढल्याचं त्या कामात दाखवलं आहे. दहा ठिकाणांच्या जाळ्यात तेवढी वाढ मागू नये, पण दिशा तीच.

आपल्याकडे सड्याला ६ लिंक, देवळाला ३, पंचायत, बंदर, खारवीवाडी, आगर प्रत्येकी २. खारवीवाडी–बंदर–सडा–पंचायत: २ + २ + ६ + २ = १२. खारवीवाडी–आगर–देऊळ–पंचायत: २ + २ + ३ + २ = ९. खारवीवाडी किनाऱ्याने जाते. बंदराचं बघा: सड्यावरून १०, किनाऱ्याने ११. बंदर सड्यावरच राहतं. हवं ते हेच.

घातांक २ करून पाहिला तर बंदराचा सड्यावरचा रस्ता ४ + ३६ + ४ = ४४ होतो आणि किनाऱ्याचा २५. मग बंदराची ३१ घरंही किनाऱ्याने जातात आणि खारवीवाडी–आगर या एका लिंकवर ५८ एमबीपीएस येतो. संध्याकाळच्या वाऱ्यात ती लिंक ४०वर उतरत होती. गर्दी एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकली, एवढंच झालं. घातांक १ पुरे.

ओएसपीएफला ठिकाणांच्या लिंक मोजता येत नाहीत, तेव्हा हाच निकाल कॉस्टमध्ये उतरवला: सेक्टरच्या सगळ्या लिंक ११वरून २२. खारवीवाडी आता २८ विरुद्ध ३८ने आगराकडे जाते, बंदर २८ विरुद्ध ३८ने सड्यावर राहतं. सेक्टरवर ११४, पंचायत–देऊळवर ६८. आणखी एक रुपया खर्च न होता.

१४ जानेवारी. लोड बघून कॉस्ट बदलणारी स्क्रिप्ट: बंद

दर मिनिटाला लिंकचा लोड वाचून कॉस्ट आपोआप बदलणारी स्क्रिप्ट लावून पाहिली. भरलेली लिंक महाग होते, सगळी वाहतूक रिकाम्या लिंकवर जाते, पुढच्या मिनिटाला ती भरते आणि सगळी परत फिरते. संध्याकाळभर वाहतूक दोन मार्गांत हेलकावत राहिली आणि प्रत्येक उडीला पाकिटं पडली. हा जुना रोग आहे. अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं जाळं) १९७९ मध्ये विलंब मोजून मार्ग निवडणं सुरू झालं, लोड वाढल्यावर हेच हेलकावे आले आणि १९८७ मध्ये ते माप बदलावं लागलं. इतक्या लहान जाळ्यात कॉस्ट स्थिर ठेवा आणि महिन्यातून एकदा कागद काढा.

२० जानेवारी. माडांचा वारा

खारवीवाडी–आगर लिंक माडांच्या शेंड्यांतून जात होती. वारा नसताना १००, झावळ्या हलायला लागल्या की ४०. माडांवर जाईल एवढा खांब उभा करणं परवडणारं नव्हतं. आगराकडची डिश वाडीच्या मधल्या घरावरून काढून समुद्राकडच्या शेवटच्या घरावर नेली, म्हणजे रेषा पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) जाते. २.१ किलोमीटरला मधोमध फ्रेनेल क्षेत्राची (सरळ रेषेभोवती लहरीला लागणाऱ्या मोकळ्या जागेची) त्रिज्या ५.२ मीटर, त्यातली ६० टक्के म्हणजे ३.१ मीटर जागा मोकळी हवी. दोन्हीकडे ६ मीटरचे खांब पुरले. क्लॅम्प आणि नटबोल्ट एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे घ्या. पुळणीलगत ३०४वरही तांबूस डाग धरतात, आणि जीआयचा क्लॅम्प दोन पावसाळ्यांत हातात येतो.

३ फेब्रुवारी. सेक्टरचे दोन भाग

सेक्टरवर अजून ११४ होते, जागा ९०ची. दुसरी सेक्टर अँटेना आणि रेडिओ, २१,५०० रुपये. पहिल्यावर शाळा आणि टाकी (४०), शिवाय देवळाची राखीव लिंक. दुसऱ्यावर बंदर आणि फाटा, फाट्यामागून पैलतीर (७४).

लावल्या दिवशी दोन्ही सेक्टर मिळून जुन्या एकाएवढंसुद्धा देत नव्हते. चॅनेल वेगळे होते, पण शेजारचे, आणि अँटेना एकाच पाइपावर हातभर अंतराने. एक बोलत असताना दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. उभं अंतर २ मीटर केलं, एकाला ५५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आणि दुसऱ्याला ५७४५च्या वरचा चॅनेल दिला. दोन्ही सुटे ९०वर आले. ५५००च्या आसपासच्या मधल्या पट्ट्यातल्या चॅनेलवर रडार ओळखण्याची अट असते: रेडिओ सुरू होताना किमान मिनिटभर नुसता ऐकतो, आणि रडारसारखं काही वाटलं तर चॅनेल सोडून जातो. म्हणून पंचायत–सडा ही मुख्य लिंक त्या पट्ट्यात ठेवू नका.

आता हिशेब: पंचायत–सडा ११४ (१८०पैकी), पंचायत–देऊळ ६८ (१२०पैकी), सेक्टर ४० आणि ७४. रात्रीच्या तक्रारी थांबल्या, पैलतीर सोडून.

१६ फेब्रुवारी ते १० मार्च. खाडीची लिंक

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. फाटा–पैलतीर लिंक ३ किलोमीटरची, मधे बहुतेक पाणी. दिवसातून चार वेळा ती १००वरून ५-१०वर यायची, कधी तुटायची. रेडिओ, केबल, अडॅप्टर बदलून झालं. चॅनेल बदलला की बिघाडाची वेळ बदलायची, बिघाड तसाच.

उलगडा लॉगमधून झाला. बिघाडाची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकत होती. खाडीवर राहणाऱ्याला एवढं सांगितलं की पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते हा खारव्यांचा हिशेब आहे: पौर्णिमेला १५ची पाऊणपट, सव्वाअकरा. त्याच्या तीन तास आधी, रात्री आठच्या सुमाराला, पाणी निम्मं चढलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच लिंक पडायची.

कारण असं. डिशपासून एक लहर सरळ जाते, एक पाण्यावर आपटून जाते, आणि आपटताना उलटी होते. दोन्ही रस्त्यांतला फरक = २ × पहिली उंची × दुसरी उंची ÷ अंतर. तो तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आला की दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. अर्ध्या पटीत आला की जोर वाढतो. ५.८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५.१७ सेंटिमीटर.

डिश उधाणाच्या भरतीच्या पाण्यापासून १८ आणि १५ मीटरवर होत्या. फरक १८ सेंटिमीटर, म्हणजे ३.४८ पट: भरतीला उत्तम. २ मीटर ओहोटीला उंची २० आणि १७, फरक २२.७ सेंटिमीटर, ४.३९ पट. मधे कुठेतरी ४ येणारच. गणित सांगतं, पाणी भरतीखाली साधारण १.२ मीटरवर असताना. उतरताना एकदा, चढताना एकदा, दिवसाला दोन भरत्या, म्हणून चार वेळा. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमाराला) पाणी थोडंच हलतं आणि त्याच पातळीच्या आसपास घुटमळतं, म्हणून तेव्हा लिंक उलट जास्त वेळ पडून राहायची.

उपाय सगळ्यांच्या सवयीच्या विरुद्ध: डिश खाली आणल्या. उधाणाच्या भरतीपासून ७ आणि ४ मीटरवर. भरतीला फरक १.८७ सेंटिमीटर, ०.३६ पट. ओहोटीला उंची ९ आणि ६, फरक ३.६ सेंटिमीटर, ०.७० पट. अर्ध्याच्या दोन्ही बाजूंना, आणि ० किंवा १ला कधीच शिवत नाही. फ्रेनेलची त्रिज्या मधोमध ६.२ मीटर, ६० टक्के ३.७, भरतीलाही रेषा मधोमध ५.५ मीटरवर आहे, म्हणजे जागा आहे. होडी आडवी गेली की क्षणभर वेग उतरतो, लिंक तुटत नाही.

खर्च दोन आखूड खांबांचा, ४,८०० रुपये. उंची मोजायची ती जमिनीपासून नव्हे, उधाणाच्या खुणेपासून. धक्क्यावर शेवाळाची रेघ असते, तिथून टेप लावा.

२ एप्रिल. दुसरा दरवाजा

पैलतीराला दुसऱ्या बाजूने १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं. हे खाडीची लिंक पक्की होण्याआधी केलं असतं तर नुकसान झालं असतं. दोन दरवाज्यांचे, म्हणजे दोन फायबरचे, बाहेरचे आयपी पत्ते वेगळे असतात. फाट्याची घरं एकदा इकडून एकदा तिकडून गेली की बँकेचं सत्र आणि यूपीआयचा व्यवहार मधेच तुटतो.

ओएसपीएफमध्ये डीफॉल्ट मार्ग (इंटरनेटकडे जायचा) दोन्ही राउटरांवरून टाइप-१ म्हणून सोडा, म्हणजे दरवाज्याच्या मेट्रिकमध्ये (किमतीत) आतल्या कॉस्टही धरल्या जातात. टाइप-२ला वेगवेगळी मेट्रिक दिली तर आतल्या कॉस्ट बघितल्याच जात नाहीत आणि सगळं जाळं कमी मेट्रिकच्या दरवाज्याकडे धावतं. तसं होऊन पैलतीराचं १००चं फायबर काही मिनिटांत भरलं होतं.

आता फाटा १० विरुद्ध २८ने पैलतीराकडे जातो. दुसऱ्या सेक्टरवर फक्त बंदर, ३१. पंचायत–सडा ७१.

९ एप्रिल. एकेक लिंक काढून चाचणी

गर्दीच्या वेळी, लोकांना आधी कळवून. पंचायत–देऊळ बंद: देऊळ आणि आगर सड्यावर, खारवीवाडी बंदराकडे. सेक्टर ८१ आणि ५८, पंचायत–सडा १३९. चाललं.

पंचायत–सडा बंद: शाळा आणि टाकी सड्यावरून देवळाकडे उतरली (सड्यापासून २२ + ८ = ३०, पैलतीर ३२), बंदर किनाऱ्याने. पंचायत–देऊळवर ६८ + ४० + ३१ = १३९, जागा १२०. तुंबलं. सडा–देऊळची कॉस्ट २२वरून २६ केली. आता देवळाकडून ३४, पैलतीराकडून ३२. शाळा आणि टाकी पैलतीराला गेली. पंचायत–देऊळ ९९, फाटा–पैलतीर ५९, पैलतीराचं फायबर ८३. तुंबलं नाही. एक आकडा बदलायचा होता, पण चाचणी केली नसती तर तो पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री शोधावा लागला असता.

१८ मे. पावसाआधी

सड्यावरच्या अर्थिंगचा रोध पुन्हा मोजला. कोरडा जांभा वीज नीट सोडत नाही. खड्ड्यात नुसती पट्टी पुरून भागत नाही, बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरलं आणि दोन खड्डे जोडले. प्रत्येक केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी जोडात न जाता तिथून टपकतं. आरजे-४५च्या (नेटवर्क केबलच्या) जोडांना ग्रीस आणि वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप.

पुढचा अडसर कागदावर दिसतोच आहे. घरामागे १.७५ एमबीपीएस झाला की पंचायत–देऊळ ११९वर जाईल, बाकी कुठलीच लिंक तोवर भरत नाही. खारवीवाडी परत बंदराकडे वळवली तर दुसरा सेक्टर १०१.५वर जाऊन ९० ओलांडतो, म्हणजे कॉस्टच्या खेळाने ते सुटणार नाही. ६० गिगाहर्ट्झचा रेडिओ १.२ किलोमीटरला कोकणच्या पावसात धरवत नाही. विजेच्या खांबांवरून फायबर ओढायचं ठरलं आहे. खांबांच्या परवानगीचा अर्ज दिला, काम पाऊस उघडल्यावर.